प्रौढांमधील आतड्याचा अडथळा : काही क्वचित आढळणारी कारणे

वार्षिक अहवालात जमाखर्चाची पत्रके, देणगीदारांची यादी आणि वर्षभरातील कार्याचा आढावा यांच्या जोडीला आरोग्यविषयक एखादा लेख असावा, असा आपल्या विश्वस्त मंडळाचा आग्रह असतो. यंदा आम्ही आतड्याच्या अडथळ्याचा विषय घेतला आहे. विषय काहीसा रुक्ष वाटेल. परंतु रात्री-अपरात्री तातडीच्या विभागात येणाऱ्या रुग्णांत “पोट फुगले आहे, उलट्या होत आहेत, संडासला झालेली नाही” असे सांगणारे नेहमीच असतात. त्यांपैकी कोणाला ओवा-हिंगाने आराम पडेल आणि कोणाचे आतडे सकाळपर्यंत काळे पडेल, हे नुसते वरून पाहून कळत नाही. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर; आमचा व्यवसाय हिशेबाचा. डॉक्टर मंडळींनी वेळोवेळी समजावून सांगितलेले आणि आम्ही वाचनातून पडताळून घेतलेले तेवढेच येथे मांडले आहे. शल्यविभागाने मजकूर नजरेखालून घातला आहे.

रोजची नऊ लिटरची उलाढाल

प्रौढ माणसाचे लहान आतडे सुमारे ६ मीटर लांब असते आणि त्यापुढील मोठे आतडे सुमारे दीड मीटर. या नळीत दररोज काय जमा होते, हे पाहण्यासारखे आहे. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचा स्वतःचा रस मिळून सुमारे ७ लिटर, आणि आपण खातो-पितो त्यातले सुमारे २ लिटर. म्हणजे एकूण ९ लिटरच्या घरात. यापैकी मलावाटे बाहेर जाते जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर. बाकी सर्व द्रव आतडे शोषून घेते आणि रक्तात परत जमा करते. एवढी मोठी उलाढाल आणि इतकी कमी तूट असलेला खाते-व्यवहार आमच्या तरी पाहण्यात नाही.

नळीत कोठेही अडथळा आला की हा व्यवहार ठप्प होतो. अडथळ्याच्या वरच्या बाजूस द्रव आणि वायू साठत जातात, आतडे फुगते, फुगलेले आतडे शोषणाचे काम सोडून देते आणि उलट स्वतःच पाणी सोडू लागते. रुग्ण एक थेंब पाणी प्यायला नसला तरी त्याच्या शरीरातील पाणी व क्षार आतड्यात आणि उलटीत निघून जातात. अशा रुग्णाचे ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले आणि लघवी कमी झालेली दिसते ती यामुळे.

याची चार लक्षणे पाठ्यपुस्तकांत दिलेली असतात : पोटात कळा येणे, उलट्या, पोट फुगणे, आणि मल व वायू दोन्ही बंद होणे. मात्र चारही एकदम दिसतीलच असे नाही. अडथळा वर, जठराजवळ असेल तर उलट्या लवकर व भरपूर होतात, पोट मात्र फारसे फुगत नाही. अडथळा खाली असेल तर पोट ढोलकीसारखे होते आणि उलटी दुसऱ्या दिवशी होते. नातेवाइकांची फसगत करणारी आणखी एक गोष्ट आहे. अडथळ्याच्या खाली आधीच उतरलेला मल एकदा बाहेर पडू शकतो. “सकाळी थोडी झाली हो,” या वाक्यावर घरातील सर्व जण निर्धास्त होतात. त्या एका वेळेवरून वाट मोकळी आहे असे ठरविता येत नाही.

खरी भीती असते ती आतड्याचा रक्तपुरवठा तुटण्याची. आतड्याला पीळ पडला, किंवा ते एखाद्या अरुंद फटीत आवळले गेले, की त्यातील रक्तवाहिन्या दाबल्या जातात. येणारी-जाणारी कळ मग सतत दुखण्यात बदलते, नाडी जलद होते, ताप येतो, पोटाला हात लावू देववत नाही. यानंतरचा काळ तासांत मोजावयाचा असतो.

दुर्मीळ कोणाला म्हणावे?

नेहमीची कारणे वाचकांना ऐकून माहीत असतील. पूर्वी पोटाची शस्त्रक्रिया झालेली असेल तर आतडी एकमेकांना किंवा पोटाच्या भिंतीला चिकटतात; पाश्चात्त्य देशांत लहान आतड्याच्या अडथळ्यांपैकी साठ-सत्तर टक्के याच कारणाने होतात. त्याखालोखाल अंतर्गळ, म्हणजे हर्निया, आणि गाठी. मोठ्या आतड्याच्या अडथळ्यात कर्करोगाचा विचार आधी करावा लागतो. पोटावर जुना व्रण नाही, जांघेत किंवा बेंबीपाशी फुगवटा नाही, गाठ लागत नाही, तरीही वाट बंद आहे, असा रुग्ण समोर आला की डॉक्टरांना दुर्मीळ कारणांकडे वळावे लागते. या लेखाचा विषय तोच.

दुर्मीळ हा शब्द मात्र जपून वापरावा लागतो, कारण तो गावाप्रमाणे बदलतो. आतड्याचा क्षय हे लंडनच्या किंवा न्यूयॉर्कच्या पुस्तकात तळटिपेचे कारण. आपल्याकडे ते पहिल्या पानावर यावे. जगातील एकूण क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत आणि हा रोग फुफ्फुसापुरता राहत नाही. लहान आतडे जेथे मोठ्या आतड्यास मिळते तो भाग त्याच्या विशेष आवडीचा. तेथे व्रण होतात, ते भरताना आक्रसतात आणि नळी जागोजागी अरुंद होते. असा रुग्ण एका रात्रीत आजारी पडलेला नसतो. महिनोन्‌महिने संध्याकाळचा बारीक ताप, घटते वजन, जेवणानंतर पोटात गुडगुडत फिरणारा आणि मग विरून जाणारा वायूचा गोळा असा त्याचा इतिहास असतो. गावोगावच्या औषधांच्या चिठ्ठ्या त्याच्याजवळ असतात आणि बहुतेकांवर “ॲसिडिटी” लिहिलेले असते. मग एके दिवशी अरुंद झालेल्या जागी एखाद्या फळाची बी किंवा नीट न चावलेला घास अडकतो आणि वाट पूर्ण बंद होते.

वेळेत ओळखला तर हा रोग साधारणतः सहा महिन्यांच्या औषधांनी बरा होतो. शासनाच्या कार्यक्रमाखाली ही औषधे विनामूल्य मिळतात. रुग्णाची नोंद झाल्यावर पोषणासाठी दरमहा मिळणारे साहाय्य नोव्हेंबर २०२४ पासून ५०० रुपयांवरून १००० रुपये करण्यात आले आहे. नळी फारच अरुंद झाली असेल तर शस्त्रक्रिया करावी लागते. तिचा एक प्रकार आम्हाला फार आवडतो. अरुंद भाग कापून टाकण्याऐवजी त्यावर लांबीच्या दिशेने छेद घेतात आणि तो आडव्या दिशेने शिवतात. शिंपी तंग कपडा मोकळा करतो तसेच. आतड्याची लांबी वाचते आणि वाट रुंद होते. क्षयाच्या रुग्णांवरील हा अनुभव भारतीय शल्यचिकित्सकांनी १९७७ साली प्रसिद्ध केला. आतड्याच्या क्रोन नावाच्या विकारासाठी पाश्चात्त्य शल्यचिकित्सकांनी ही रीत पुढे मोठ्या प्रमाणावर उचलली.

क्षयाशीच कधी कधी निगडित असलेला आणखी एक विकार आहे. त्यात सर्व लहान आतडी एका जाड पांढुरक्या आवरणात, रेशमाच्या किड्याने कोष विणावा तशी, गुंडाळली जातात. सिंगापूरच्या शल्यचिकित्सकांनी १९७८ साली किशोरवयीन मुलींतील अशा रुग्णांचे वर्णन करताना त्यास पोटातील कोष असेच नाव दिले. पोट उघडल्यावर आतडी दिसतच नाहीत, असे शल्यचिकित्सक सांगतात.

पित्ताचा खडा आतड्यात

पित्ताशयातील खड्यांविषयी आपल्याकडे बरीच बेफिकिरी आहे. “दुखत नाही ना, मग राहू द्या” हे वाक्य आम्ही कितीदा ऐकले असेल. बहुतेक खडे खरोखरच आयुष्यभर गप्प राहतात, हेही खरे. परंतु वारंवार सूज येणारे पित्ताशय शेजारच्या आतड्यास चिकटते. मोठा खडा त्या जागी सतत दाब देत राहतो आणि वर्षानुवर्षांनी भिंत झिजून दोहोंमध्ये आरपार वाट तयार होते. त्या वाटेने खडा आतड्यात उतरतो. लहान असेल तर तो कोणाच्या लक्षातही न येता बाहेर पडतो. दोन-अडीच सेंटिमीटरपेक्षा मोठा असेल तर लहान आतड्याच्या शेवटच्या, सर्वांत अरुंद भागात अडकून बसतो.

डेन्मार्कच्या थॉमस बार्थोलिन यांनी १६५४ साली याची नोंद केली होती, म्हणजे गोष्ट जुनी आहे. आतड्याच्या यांत्रिक अडथळ्यांत याचे प्रमाण १ ते ४ टक्के इतकेच. मात्र पासष्टीपुढील व्यक्तींत, विशेषतः स्त्रियांत, ते बरेच वाढते. त्याचे कपट असे की खडा एका जागी थांबत नाही. तो अडकतो, तेव्हा कळा व उलट्या होतात. मग तो सुटून थोडा पुढे घरंगळतो आणि रुग्णास एकदम बरे वाटते. पुढच्या वळणावर पुन्हा अडकतो.

आपल्याकडे आलेल्या एका वृद्ध रुग्णेच्या बाबतीत नेमके हेच झाले होते. पहिल्या दिवशी उलट्या, दुसऱ्या दिवशी संपूर्ण आराम, म्हणून घरच्यांनी गाडी सांगितलेली रद्द केली. चौथ्या दिवशी त्यांना आणले तेव्हा रक्तदाब मोजता येत नव्हता. सुदैवाने आतडे जिवंत होते. खडा काढल्यानंतर तो लहान बाटलीत घालून मुलाच्या हाती दिला. बिल भरताना त्यांनी आम्हाला विचारले की या खड्याचा उल्लेख बिलात कोठे आहे? आमच्या संगणकातील दरपत्रकात तशी नोंद नव्हती आणि आजही नाही.

हा विकार ओळखण्याची खूण अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञ लिओ रिगलर यांनी १९४१ साली सांगितली : आतड्याच्या अडथळ्याची चिन्हे, पित्तनलिकांत हवा, आणि नको त्या जागी खडा. साध्या क्ष-किरण चित्रात या तीनही गोष्टी एकत्र दिसणे कठीण, कारण पुष्कळ पित्ताचे खडे क्ष-किरणांत दिसतच नाहीत. सीटी स्कॅनमध्ये त्या स्पष्ट होतात.

उपचाराबाबतचा एक हिशेब सांगण्याजोगा आहे. एकाच वेळी खडाही काढावा, पित्ताशयही काढावे आणि मधली वाटही बंद करावी, असे कोणालाही वाटेल. परंतु १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या १००१ रुग्णांच्या आढाव्यात नुसता खडा काढलेल्यांत मृत्यूचे प्रमाण सुमारे १२ टक्के, तर सर्व एकाच वेळी केलेल्यांत सुमारे १७ टक्के आढळले. त्यामुळे वृद्ध व थकलेल्या रुग्णात बहुतेक वेळा फक्त खडा काढून बाकीचे नंतर पाहतात. “अर्धेच ऑपरेशन केले” अशी तक्रार घेऊन नातेवाईक आमच्याकडे येतात तेव्हा आम्ही त्यांना हे आकडे दाखवितो.

केसांचा गोळा आणि गोव्याचा दगड

न पचणारे पदार्थ जठरात साठून त्यांचा गोळा होतो. त्यास इंग्रजी वैद्यकात बेझोआर म्हणतात. शब्द मूळचा फारसी, पादजहर, म्हणजे विष उतरविणारा. शेळीसारख्या प्राण्यांच्या पोटात मिळणारे असे गोळे विषावर रामबाण समजले जात. गोव्यात १५६३ साली छापल्या गेलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने त्यांची चर्चा केली आहे. अस्सल दगड दुर्मीळ व महाग, म्हणून सतराव्या शतकात गोव्यातील जेझुइट धर्मगुरूंनी कस्तुरी, शिंपले, रत्नांची पूड असे पदार्थ एकत्र करून कृत्रिम दगड बनविले. त्यांवर सोन्याचा वर्ख चढवीत आणि युरोपातील धनिक ते सोन्याच्या जाळीदार डब्यांत ठेवून, थोडे खरवडून पेयातून घेत. असा एक डबा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. ज्या वस्तूस माणसाने सोन्यात मढविले तीच त्याच्या स्वतःच्या पोटात तयार झाली तर जिवावर बेतते.

केसांचा गोळा बहुधा मुलींत व तरुण स्त्रियांत आढळतो. स्वतःचे केस उपटण्याची व ते गिळण्याची सवय त्यामागे असते. केस पचत नाहीत. त्यांचा गोळा वाढत जाऊन हळूहळू जठराचाच आकार घेतो. कधी त्याची शेपटी लहान आतड्यात लांबवर उतरते. लांब केसांच्या राजकन्येच्या युरोपीय परीकथेवरून १९६८ साली या प्रकारास रापुंझेल हे नाव देण्यात आले. शस्त्रक्रियेने गोळा निघतो, सवय निघत नाही. अशा मुलीच्या आई-वडिलांना मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यास सांगितले की ते दुखावतात आणि बहुतेकदा पुढची तारीख चुकवितात. तेथे आमच्या समाजसेविकांना घरी जाऊन बोलावे लागते. हे काम कोणत्याही बिलात धरलेले नसते.

भाज्या-फळांच्या तंतूंचा गोळा वृद्धांत होतो. दात नसल्याने अन्न चावले जात नाही, किंवा जठराची पूर्वी शस्त्रक्रिया झालेली असते. मधुमेहात जठराची हालचाल मंदावते, तेही एक कारण. कोरिया व जपानकडे पर्सिमॉन नावाच्या तुरट फळामुळे असे गोळे विशेष होतात. ग्रीसमधील डॉक्टरांनी २००२ साली जठरातील असे गोळे नळीवाटे कोका-कोला सोडून विरघळविल्याचे प्रसिद्ध केले आणि ती रीत नंतर इतरत्रही उपयोगी पडली. मात्र अर्धवट विरघळलेला तुकडा पुढे सरकून लहान आतड्यात अडकल्याचीही उदाहरणे आहेत. तेव्हा हा प्रयोग रुग्णालयातच व्हावयाचा. घरी पोट फुगलेल्या माणसास शीतपेय पाजू नये.

न दिसणारे अंतर्गळ

अंतर्गळ म्हटले की जांघेतील फुगवटा डोळ्यांसमोर येतो. परंतु काही अंतर्गळ बाहेरून दिसतच नाहीत. कटीच्या हाडात पुढच्या बाजूस एक छिद्र असते. त्यातून मांडीकडे जाणारी एक नस उतरते. सामान्यतः ते चरबीने भरलेले असते. उतारवयात, विशेषतः फार कृश झालेल्या स्त्रियांत, ती चरबी झडते आणि आतड्याचा लहानसा भाग तेथे शिरून अडकतो. फुगवटा स्नायूंखाली दडलेला राहतो. दाबलेल्या नसेमुळे मांडीच्या आतल्या बाजूने गुडघ्यापर्यंत वेदना जातात. आजींचा गुडघा दुखतो आहे असे समजून तेल चोळले जाते आणि उलट्या वेगळ्या आजाराच्या मानल्या जातात. दोन तक्रारी एकाच कारणाच्या असू शकतात, हे डॉक्टरांच्याही चटकन लक्षात येत नाही. येते ते स्कॅन पाहिल्यावर.

याच संदर्भात एक नाजूक गोष्ट सांगतो. जांघेच्या थोडे खाली होणारा अंतर्गळ स्त्रियांत पुरुषांपेक्षा अधिक आढळतो आणि तो लवकर आवळला जातो. तो दिसण्याजोगा असतो. परंतु आपल्याकडील वयस्क स्त्रिया ती गाठ मुलांना, सुनांना, डॉक्टरांना, कोणालाच सांगत नाहीत. पोट दुखते एवढेच सांगतात. आपल्या तातडीच्या विभागात रात्रपाळीस परिचारिका सोबत असावी असा जो नियम केला आहे तो यासाठीच. घरातील स्त्रियांनी हे सासूबाईंना, आईला एकदा मोकळेपणाने विचारावे.

पोटाच्या आतच आतडे एखाद्या जन्मजात खिशात किंवा फटीत शिरते, त्यास अंतर्गत हर्निया म्हणतात. पूर्वी हा प्रकार फार क्वचित दिसे. अलीकडे लठ्ठपणावरील बायपास शस्त्रक्रिया वाढल्या, त्यांत आतड्याची नवी जुळणी करताना फटी तयार होतात आणि वजन उतरल्यावर त्या सैल होतात. अशी शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीस काही वर्षांनीही कळा आल्यास तिने ती माहिती डॉक्टरांना आपणहून द्यावी.

आतड्यात आतडे शिरणे, दुर्बिणीची नळी नळीत सरकते तसे, हा मुख्यतः लहान मुलांचा विकार. एकूण रुग्णांत प्रौढ जेमतेम ५ टक्के. मुलांमध्ये बहुधा विशेष कारण सापडत नाही आणि पुष्कळदा शस्त्रक्रियेविना, हवेच्या किंवा पाण्याच्या दाबाने आतडे जागेवर आणता येते. प्रौढात मात्र बहुतेक वेळा पुढे ओढून नेणारी एखादी गाठ असते, म्हणून शस्त्रक्रिया करून ती तपासावी लागते. तसेच योहान मेकेल यांनी १८०९ साली वर्णन केलेली आतड्याची जन्मजात थैली. ती सुमारे २ टक्के लोकांत असते आणि बहुतेकांना कधी कळतही नाही. क्वचित तिच्यापासून बेंबीपर्यंत गेलेल्या दोरीभोवती आतड्याला पीळ पडतो.

अडथळा नसताना अडथळ्यासारखी स्थिती होते, तिचाही उल्लेख केला पाहिजे. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा दीर्घ आजारात अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाचे मोठे आतडे नुसतेच फुगत जाते. सर हेनेज ओगिल्वी यांनी १९४८ साली हे प्रथम मांडले. उंडुकाचा व्यास १२ सेंटिमीटरच्या वर गेला की ते फुटण्याचा धोका वाढतो. निओस्टिग्मिन या जुन्या औषधाने पुष्कळांची शस्त्रक्रिया टळते, हे १९९९ साली सिद्ध झाले. असा रुग्ण ओळखला गेला नाही तर विनाकारण पोट उघडले जाईल.

तपासणी, उपचार आणि रात्रीचा खर्च

रुग्ण आला की प्रथम शिरेतून सलाईन, नाकातून जठरापर्यंत नळी आणि लघवीचे माप. नाकातील नळीविषयी नातेवाइकांची नाराजी असते, म्हणून थोडे सांगतो. १९३० च्या दशकात अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे डॉ. ओवेन वांगेनस्टीन यांनी ही नळी व तिला जोडलेले साधे शोषणयंत्र प्रचारात आणले आणि त्यामुळे असंख्य प्राण वाचले. फुगलेले आतडे रिकामे होते, उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका टळतो. शस्त्रक्रियेनंतर आतडी चिकटून आलेला अडथळा पुष्कळदा एवढ्यावरच दोन-तीन दिवसांत सुटतो.

जुने शल्यचिकित्सक मात्र असा नियम पाळीत की अडथळ्याच्या रुग्णावर शस्त्रक्रियेविना सूर्य मावळू किंवा उगवू द्यावयाचा नाही. कोठे थांबता येईल आणि कोठे थांबणे घातक, हे त्या काळी आत पाहिल्याखेरीज कळत नसे. आज सीटी स्कॅनमुळे अडथळा कोठे आहे, कशाचा आहे आणि आतड्याचा रक्तपुरवठा शाबूत आहे की नाही, याचा बराच अंदाज आधीच येतो. पोटावर जुना व्रण नसलेल्या रुग्णात तर स्कॅनवाचून पुढे जाणे म्हणजे अंधारात चालणे.

येथे आमचा, म्हणजे प्रशासनाचा, संबंध येतो. रात्री स्कॅनचा तंत्रज्ञ, भूलतज्ज्ञ आणि शस्त्रक्रियागृहाचे कर्मचारी हजर ठेवण्याचा खर्च अहवालातील आस्थापना खर्चात दिसतो आणि तो कमी करता येईल का, असे सभेत विचारले जाते. प्रश्न योग्यच आहे; पुष्कळ रात्री ही मंडळी बसून असतात. वर सांगितलेल्या प्रत्येक कारणाचा स्वतंत्र विचार केला तर वर्षाच्या नोंदवहीत पित्ताच्या खड्याची एखादी नोंद, केसांच्या गोळ्याची कधी एक, कधी एकही नाही. त्या एकेका ओळीवर कोणतीही तरतूद समर्थनीय ठरणार नाही. परंतु या साऱ्या ओळींची बेरीज लहान नसते. शिवाय हेच रुग्ण बाहेरून ओळखता येत नाहीत. आतडे जिवंत असताना खडा काढला तर रुग्ण सामान्य कक्षात बरा होतो. तेच दोन दिवस उशीर झाला तर आतड्याचा तुकडा कापणे, अतिदक्षता विभाग, कृत्रिम श्वासोच्छ्वास, कधी पोटावर मलमार्ग काढणे, आणि एवढे करूनही खात्री नाही. दुसरे बिल कुटुंबास झेपत नाही. त्याचा मोठा भाग शेवटी देणगीदारांच्या निधीतून वळता होतो. रात्रीच्या पगारावरील खर्च आम्ही या दृष्टीने पाहतो आणि तो कमी करण्याची शिफारस आम्ही केलेली नाही.

उशीर होण्याचे एक कारण घरातच असते : एरंडेल, जुलाबाच्या गोळ्या, घरगुती एनिमा. बंद नळीवर जुलाबाचे औषध देणे म्हणजे बंद दारावर गर्दी वाढविणे होय. आतडे फुटू शकते. दुसरे कारण पैशांची जुळवाजुळव. अनामत रक्कम हाती आल्याशिवाय रुग्णालयात पाऊल ठेवू नये, असा समज अद्याप आहे. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने झालेली आणि १ सप्टेंबर २००६ पासून अमलात असलेली योजना लागू आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खालील या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखीव असतात. एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. तातडीच्या रुग्णाकडून अनामत मागता येत नाही. त्यास दाखल करून स्थिर करणे बंधनकारक आहे.

कळा येऊन-जाऊन होत आहेत, उलट्या थांबत नाहीत आणि वायूही सरत नाही, अशा व्यक्तीस तोंडाने काहीही न देता घेऊन यावे. येताना जुन्या शस्त्रक्रियेचे डिस्चार्ज कार्ड, पूर्वीचे सोनोग्राफीचे अहवाल आणि चालू औषधांच्या चिठ्ठ्या आणाव्यात. पित्ताशयात खडा असल्याचा जुना कागद कपाटात पडून असेल तर तो विशेष आठवणीने आणावा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका किंवा दारिद्र्यरेषेखालील कार्ड हे त्या रात्री जवळ नसले तरी चालते. ते दुसऱ्या दिवशी कार्यालयीन वेळेत समाजसेवा विभागात, तळमजल्यावर नोंदणी खिडकीच्या डाव्या हाताला, आणून द्यावेत.